कांद्याच्या कारखान्यातले दोन मोतीबिंदू

आमच्या कारखान्यात डोळ्यांतून पाणी येणं हा आजार समजला जात नव्हता. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत कांदा वाळवण्याचा कारखाना होता तो. पांढरा कांदा सोलायचा, चिरायचा, वाळवायचा आणि त्याचे काप पोत्यांत भरून मसाले नि सूपची पाकिटं करणाऱ्या कंपन्यांना पाठवायचे, एवढंच काम. नव्या माणसाला सगळे सांगायचे, सुरुवातीला रडाल, मग सवय होईल. सवय कुणालाच होत नव्हती. फक्त काही दिवसांनी लोक विचारायचं बंद करायचे. त्यामुळे माझ्या डोळ्यांत खरंच काही बिघडलंय हे कळायला जो उशीर झाला, त्याचा मी कुणाला दोष देत नाही.

मी तिथं क्वालिटीला होते. केमिस्ट्रीतली पदवी झाल्यावर काही वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत काढली, लग्न झालं, आणि मग ही नोकरी मिळाली. प्रत्येक घाण्यातले मूठभर काप पांढऱ्या ट्रेमध्ये पसरायचे, करपलेले तुकडे किती, सालं किती, ओल किती हे बघायचं आणि माल पास करायचा. पांढरा कोट होता, सगळे मॅडम म्हणायचे. माझी सही झाल्याशिवाय पोतं शिवलं जात नसे. माझ्या सहीवर आणखी कुणाची सही लागत नसे.

मालक माझ्याच वयाचे, पस्तिशीतले. त्यांच्या वडिलांचे अक्कलकोट रोडला टॉवेलचे माग होते. यांना माग नको होते, म्हणून यांनी कांदा धरला. सुरुवातीला सगळा कांदा गरम हवेवर वाळायचा. पण गरम हवेनं काप बाहेरून कोरडे होतात आणि आतली शेवटची ओल काही केल्या जात नाही. त्यासाठी मालकांनी एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुनं मायक्रोवेव्ह यंत्र आणलं. घरातल्या ओव्हनचं काम तेच, फक्त हे यंत्र एसटी बसएवढं लांब. स्टीलचा एक बोगदा, त्यातून सरकणारा पट्टा, एका तोंडातून ओलसर काप आत जाणार आणि दुसऱ्या तोंडातून खडखडीत होऊन बाहेर येणार. दोन्ही तोंडांवर बारीक साखळ्यांचे दाट पडदे लोंबत होते.

या साखळ्यांत काप अडकायचे, मोडायचे, त्यांचा भुगा व्हायचा. यंत्राबरोबर माहितीपुस्तक आलं नव्हतं. आमच्या फिटरनं साखळ्या बघितल्या, त्या धूळ अडवायला असणार असं त्याला वाटलं, आणि आमच्याकडे धूळ नाही म्हणून त्यानं त्या काढून ठेवल्या. मला विचारलं असतं तर मीही काढा म्हणाले असते. काप मोडायचे थांबले. सगळ्यांना बरं वाटलं.

बाहेरच्या तोंडापाशी एक बाई बसायच्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. सोलापुरातल्या विणकर घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. बरीच वर्षं त्यांनी टॉवेलच्या कडा शिवल्या होत्या. तो कारखाना बंद झाल्यावर त्या आमच्याकडे आल्या. पट्ट्यावरून काप बाहेर आले की त्यातले करपलेले वेचून टाकायचे, हे त्यांचं काम. त्या बोगद्याच्या एका बाजूला स्टुलावर बसत. मी दुसऱ्या बाजूनं यायचे, कमरेत वाकून आत डोकावायचे, पट्ट्यावर थर सारखा आहे का बघायचे आणि नमुना उचलायचे. दिवसभरात कितीदा तरी.

तिथं छान ऊब असायची. गरम काप बाहेर येतात म्हणून असेल, असं आम्ही धरून चाललो. थंडीत सोलणाऱ्या बायका मधल्या सुट्टीत मुद्दाम तिथं येऊन उभ्या राहत. अक्कांचा खांदा दुखायचा, तोही तिथं बसल्यापासून कमी झाला होता. त्या यंत्राबद्दल चांगलं बोलत. शेजारच्या भिंतीला कुणीतरी एक निकामी ट्यूबलाइट टेकवून ठेवली होती. तिला वायर नव्हती, काही नव्हतं, तरी ती अधूनमधून मिणमिणायची. इलेक्ट्रिशियनला विचारलं तर तो म्हणाला, अर्थिंगचा प्रॉब्लेम असेल. मी केमिस्ट्रीची. मी ते मानलं.

पहिल्यांदा त्रास झाला तो गाड्यांच्या दिव्यांचा. संध्याकाळी कारखान्याच्या बसनं पुणे रोडनं सोलापूरला परतताना समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा दिवा फुटून पसरल्यासारखा दिसायला लागला. मग उन्हाचा. दुपारी अंगणात उभं राहिलं की हातातल्या कागदावरची अक्षरं पुसून जायची आणि आत अंधाऱ्या खोलीत गेलं की परत यायची. उजेडात दिसत नाही आणि अंधारात दिसतं, हे कुणाला सांगायचं म्हणजे वेड्यासारखंच वाटतं. मी चष्म्याच्या दुकानात गेले. त्यांनी नंबर बदलून दिला. काही फरक पडला नाही म्हणून परत गेले, तर त्यांनी आणखी एकदा बदलून दिला.

घरात हे सगळ्यात आधी सासूबाईंच्या लक्षात आलं, कारण भातात खडे लागायला लागले. त्या माळशिरसकडच्या. बोलायला मोजक्या, पण मत ठाम. दिवाळीत नवऱ्यानं घरी छोटा मायक्रोवेव्ह ओव्हन आणला होता. तो सुरू झाला की सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर जाऊन बसत आणि टिंग वाजल्यावर आत येत. दुसऱ्यांदा खडा लागला तेव्हा त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाल्या, "त्या पेटीनं तुजं डोळं घालवलं."

मी त्यांना समजावून सांगितलं. त्याचं दार पक्कं बंद होतं, दार उघडलं की आतलं काम थांबतं, त्याच्या काचेत बारीक जाळी असते, त्यातून काही बाहेर येत नाही. मी हे फार व्यवस्थित सांगितलं. नवऱ्यानंसुद्धा मान डोलावली. कारखान्यातल्या बोगद्याला दोन्ही बाजूंनी दारच नाही, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

"व्हय," सासूबाई म्हणाल्या आणि ओव्हनवर टॉवेल टाकला.

मग माल परत आला. मुंबईच्या खरेदीदारानं अख्खा ट्रक उलटा पाठवला. कापांत करपलेले तुकडे आहेत आणि वर सुतळीसुद्धा आहे, असं त्याचं म्हणणं. मालकांनी काही पोती अंगणात फोडली, प्लास्टिकच्या कागदावर माल पसरला आणि आम्हा दोघींना बोलावलं. वेचणारी आणि तपासणारी. ऊन रणरणत होतं. पांढऱ्या कागदावर पांढरे काप. आम्ही दोघी वाकलो.

मालकांनी आधी अक्कांना विचारलं, हे कसं वाटतंय. अक्का म्हणाल्या, चांगलंय. मग मला विचारलं. मी खाली बसून नीट बघितलं. मला एक लखलखीत पांढरा चौकोन दिसत होता. मी म्हणाले, स्वच्छ आहे.

मालकांनी वाकून काहीतरी उचललं आणि माझ्या नाकासमोर धरलं.

"मॅडम, हे काय आहे?"

"काप आहे."

"ही सुतळी आहे."

त्यांनी ती माझ्या हातात दिली. हाताला लागल्यावर मलाही कळलं की सुतळी आहे, चांगली बोटभर लांब. मालकांना आधी वाटलं मी त्यांची चेष्टा करतेय. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं. अक्का अजून कागदाकडे बघून मान डोलावत होत्या. मालक म्हणाले, तुम्ही आजच डोळे दाखवून घ्या. रागावणं त्यांनी नंतरसाठी ठेवलं असावं, पण ते राहून गेलं.

डोळ्यांच्या डॉक्टर सोलापुरातल्याच. पन्नाशीच्या, बोलणं हळू. बाहुल्या मोठ्या करायचं औषध घालून त्यांनी बराच वेळ यंत्रातून बघितलं. म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, भिंगाच्या मागच्या बाजूला, डावा जास्त. माझं वय त्यांनी पुन्हा विचारलं. शुगर आहे का, डोळ्याला कधी मार लागला का, दम्यासाठी किंवा त्वचेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या का, एक्सरेच्या खोलीत किंवा भट्टीपाशी काम करता का. सगळ्याला मी नाही म्हणाले. मग कुठं काम करता विचारलं. कांद्याच्या कारखान्यात, म्हणाले. कांद्यानं पाणी येतं, मोतीबिंदू होत नाही, त्या म्हणाल्या. वाळवता कशावर, त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"आत वाकून बघता?"

"हो. थर बघावा लागतो."

"कुठल्या बाजूनं?"

ते मला आठवेना. म्हणून मी उठले आणि त्यांच्या टेबलाला यंत्र समजून रोजच्यासारखी वाकले. डावा गाल टेबलाकडे गेला. डॉक्टरांनी पेन उचलून कागदावरच्या 'डावा' या शब्दाखाली रेघ मारली. मग म्हणाल्या, बसा.

त्यांनी जे सांगितलं ते मी शाळेत मुलांना सांगितलं असतं इतकं सोपं होतं. हात तापला तर त्यातून वाहणारं रक्त ती उष्णता घेऊन जातं. डोळ्याच्या भिंगाला रक्तवाहिन्या नसतात. नसतात म्हणूनच ते पारदर्शक असतं. तिथं गेलेली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. मायक्रोवेव्ह ओलाव्याला तापवतात, तो ओलावा कांद्यातला आहे की डोळ्यातला हे त्यांना कळत नाही. अंड्यातला पांढरा भाग आधी काचेसारखा असतो, तापला की दुधासारखा होतो, आणि नंतर कितीही गार केला तरी परत काचेसारखा होत नाही. भिंगाचं तसंच.

मी विचारलं, म्हणजे हे त्या यंत्रानंच झालं का. त्या म्हणाल्या, मोतीबिंदूवर कारण लिहिलेलं नसतं. कारखान्यातून किती बाहेर येतंय हे कुणी मोजलेलं नाही, घरातला ओव्हन धड असला तर त्यानं असं होत नाही, आणि कधीकधी काही कारण नसतानाही लवकर मोतीबिंदू होतो. यंत्रामुळेच झाला असं मला छातीठोकपणे सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या. पण ते मोजून होईपर्यंत यंत्र बंद ठेवायला सांगा.

मग दाराशी आल्यावर त्यांनी विचारलं, "तिथं आणखी कोण बसतं?"

मालकांनी यंत्र बंद केलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. कुरकुरत केलं, पण केलं. अक्कांना डॉक्टरकडे न्यायचं काम मात्र माझ्यावर आलं, आणि ते अवघड निघालं. अक्का म्हणाल्या, मला दिसतंय की. डोळे खराब निघाले तर घरी बसवतील, ही त्यांची भीती होती. घरात मुलगा यंत्रमागावर, सून विड्या वळणारी, आणि अक्कांचा पगार घरात धरलेला. त्या ते बोलल्या नाहीत, पण मला कळत होतं. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"अक्का, माझं तोंड दिसतं का तुम्हाला?"

"दिसतंय की. तुमीच हाय ना मॅडम."

"मी बोलले म्हणून कळलं. बोलले नसते तर?"

"साडीवरून वळखलं असतं."

मी साडी नेसले नव्हते. ड्रेसवर पांढरा कोट होता, रोज असायचा तसा. मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी हात पुढं करून माझ्या कोटाची बाही चाचपली, आणि मग बराच वेळ डब्यातली भाकरी मोडत बसल्या. नंतर त्यांनी आपणहून सांगितलं. गेली दिवाळी झाल्यापासून त्या काप डोळ्यांनी वेचतच नव्हत्या. करपलेला काप हलका लागतो आणि त्याला वास येतो, त्यावरून त्या वेचत होत्या. सुतळीला करपल्याचा वास नव्हता, म्हणून ती गेली. आणि पुढं मॅडम बघतीलच, असा त्यांना भरवसा होता. मलाही तसाच भरवसा होता की अक्कांनी वेचलंय म्हणजे आत काही नसणार. असा आम्ही दोघींनी मिळून महाराष्ट्रभर कांदा पाठवला होता.

डॉक्टरांनी अक्कांना तपासलं. दोन्ही डोळे, उजवा फार. त्यांनी अक्कांनाही विचारलं, कशा बसता. अक्का दवाखान्यातल्या गोल स्टुलावर कडेनं वळून बसल्या. यंत्राच्या जागी भिंत, उजवा गाल तिच्याकडे. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, आता मला पहिल्यापेक्षा जास्त खात्री वाटायला लागलीय. अक्कांचं वय असं होतं की त्यांचा एकटीचा मोतीबिंदू कुणाला वेगळा वाटला नसता. माझा बघितल्यामुळे तो वेगळा दिसला.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून एक इंजिनिअर मीटर घेऊन आला. तपासणीपुरतं यंत्र सुरू करायचं होतं. आम्हाला लांब पार सोलण्याच्या शेडपाशी उभं केलं. यंत्रापाशी काय झालं ते मला फिटरनं नंतर सांगितलं. मालकांना अजून पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, घरी माझी मुलं ओव्हनच्या काचेला नाक लावून पॉपकॉर्न बघतात, त्यांना काही झालं नाही. यंत्र चालू झाल्यावर ते दाखवायला म्हणून बोगद्याच्या तोंडापाशी गेले आणि माझ्यासारखे वाकले. इंजिनिअरनं अजून मीटर बाहेर काढलं नव्हतं. तो भिंतीला टेकवलेल्या ट्यूबलाइटकडे बघत होता. ती मिणमिणत होती.

"साहेब," तो म्हणाला, "डोकं बाहेर काढा."

त्याचा आवाज चढला नव्हता, पण मालकांनी लगेच काढलं. इंजिनिअरनं लांबूनच मीटर पुढं धरलं, बघितलं, आणि एक पाऊल मागं आला. पुन्हा बघितलं, आणखी मागं आला. असं करत करत तो भिंतीला टेकला. मग यंत्र बंद करा म्हणाला. आकडा त्यानं मालकांना बाजूला नेऊन सांगितला. आम्हाला तो कधी कळला नाही. पण मालक परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, आणि ते सारखे डोळे चोळत होते.

इंजिनिअरनं विचारलं, इथल्या साखळ्या कुठं गेल्या. फिटर म्हणाला, धुळीच्या ना, आहेत की. तेव्हा कळलं की त्या धुळीसाठी नव्हत्या. आतल्या लहरी बाहेर येऊ नयेत म्हणून होत्या. बोगद्याला दार नाही, तर त्या साखळ्या हेच त्याचं दार. फिटर स्टोअरमध्ये गेला आणि त्या शोधून आणल्या. काही कमी निघाल्या. त्या वॉचमनच्या कुत्र्याच्या गळ्यात होत्या. कुत्र्याला मोकळं सोडून त्या आणण्यात आल्या. फिटर त्या हातात घेऊन उभाच राहिला. त्याला कुणी काही बोललं नाही. तोच सगळ्यांना सांगत होता, मला वाटलं धुळीच्या असतील.

सगळ्यांचे डोळे तपासले गेले. सर्वांत आधी मालकांनी स्वतःचे तपासून घेतले. त्यांचे चांगले निघाले. शेकायला येणाऱ्या बायकांचेही चांगले निघाले. त्या थोडा वेळच यायच्या आणि लांब उभ्या राहायच्या. फिटरच्या एका भिंगात बारीक डाग होता. तो वाढतोय का ते बघत राहायचं ठरलं. आमच्या दोघींच्या ऑपरेशनच्या खर्चाचं मालकांनी बघितलं. एकदा अंगणात ते मला म्हणाले, मला वाटलं तुम्ही कंटाळा करून माल पास करताय. मी म्हणाले, मलाही कधीकधी तसंच वाटायचं. दिसत का नाही, लक्ष का लागत नाही, म्हणून मी घरी स्वतःवर चिडायचे.

आधी अक्कांचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेले आणि कसं असतं ते विचारलं. त्या म्हणाल्या, काय नाय, उजेड हलतोय नुस्ता, आपुन गप पडायचं. मी तसंच केलं. सासूबाई दवाखान्यात माझ्याबरोबर आल्या आणि बाहेर बाकावर बसून राहिल्या. सकाळी पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा दिसल्या त्याच. त्यांच्या इरकली लुगड्याचा काठ हिरवा होता. मी तो इतके दिवस काळा समजत होते. मी तसं म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "पयल्यापासनं हिरवाच हाय की." आणि मग डोळ्यांना पदर लावला.

यंत्र पुन्हा सुरू व्हायला बराच काळ गेला. दोन्ही तोंडांना लांब स्टीलच्या नळकांड्या जोडल्या, साखळ्या दुप्पट दाट केल्या, जमिनीवर पिवळा पट्टा मारला. त्या पट्ट्याच्या आत कुणी जायचं नाही. थर बघायला मला एक कॅमेरा मिळाला. इंजिनिअर मीटर घेऊन पुन्हा आला आणि या वेळी तो तोंडापाशी जाऊनसुद्धा मागं सरकला नाही. अक्का परत कामाला आल्या. घरी बसवणार नाही असं मालकांनी त्यांना माझ्यासमोर सांगितलं होतं. तरी पहिल्या दिवशी त्या वेळेच्या बऱ्याच आधी येऊन फाटकात उभ्या होत्या. त्या मला न्याहाळून बघत होत्या. मी काय झालं विचारलं.

"काय नाय," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं तुमी वयस्कर हाय."

त्या दिवशी पट्ट्यावरून काप आले आणि अक्का वेचायला लागल्या. त्यांच्या शेजारच्या बादलीत तपकिरी तुकड्यांचा ढीग झाला. त्या मध्येच थांबून त्याच्याकडे बघत राहिल्या. एवढं सगळं आधी माणसांच्या पोटात गेलं असेल का, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, सूपमध्ये कळत नाही. मग मी पांढऱ्या ट्रेमध्ये नमुना पसरला. एकेक काप वेगळा दिसत होता, कडा दिसत होत्या, शिरा दिसत होत्या. मी तो घाणा नापास केला. मालक आले, त्यांनी ट्रे बघितला, मला विचारलं, खरंच? मी हो म्हणाले. त्यांनी तो माल बाजूला काढायला सांगितला.

मी अजून तिथंच आहे. डाव्या डोळ्यात आता बसवलेलं भिंग आहे. ते कशानं पांढरं पडत नाही म्हणतात. उजव्यातला डाग डाव्याएवढा वाढलेला नाही. डॉक्टर अधूनमधून तो बघतात आणि म्हणतात, सध्या राहू द्या. मी राहू दिलाय.